होडीचा वाटा

पुण्याहून डहाणूला निघताना माझ्या पिशवीत एका चित्रपुस्तकाच्या कच्च्या छपाईच्या प्रती होत्या, ऑफिसचे दोन फोन होते आणि सोबत एक नियम होता: मुलांसमोर तोंड उघडायचं नाही. पुढच्या सगळ्या प्रवासात प्रतींनी त्रास दिला, फोननी दिला, पण त्या नियमाने जो दिला त्याला तोड नाही.

पुस्तक साधंच आहे. चित्रं मी काढलेली. त्यावर फोनचा कॅमेरा धरला की पडद्यावर चित्र जागं होतं: होडी डुलते, कोंबडा बाहेर उडी मारतो, जाळं वर येतं. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात आणि आमच्या स्टुडिओत हे नाव घेताना सगळ्यांचा आवाज थोडा खाली जातो, देवाचं नाव घेतल्यासारखा. पुण्याच्या काही शाळांत ते दाखवून झालं होतं, आता छपाईआधी इकडच्या मुलांच्या हातातही पुस्तक देऊन पाहायचं होतं. कोणत्या पानाकडे कॅमेरा किती वेळ राहिला हे ॲप आपोआप नोंदवणार, आणि त्या आकड्यांवरून कोणतं पान ठेवायचं, कोणतं गाळायचं ते ठरणार. मी बोलले तर मुलं मला खूश करायला बघतील आणि आकडे खोटे येतील, असं आमच्या सरांचं म्हणणं. सर म्हणजे स्टुडिओचे प्रमुख. मुलांसाठी पुस्तकं काढतात, पण मुलांची त्यांना थोडी भीती वाटते असा माझा अंदाज आहे.

गंमत अशी की ॲपमधला आवाज माझाच होता. स्टुडिओतल्या अडगळीच्या खोलीत पंखा बंद करून, घामाघूम होत मी तो दिला होता. कॅमेरा चित्रावरून हलला की फोनमधली मी विचारायची, "बाळांनो, अजून आहात ना?" असं तीनदा विचारूनही चित्र समोर आलं नाही की ॲप मिटायचं आणि नोंद करायचं: रस संपला. म्हणजे फोनमधल्या मला बोलायची मुभा होती, बाहेरच्या मला नव्हती.

गाडी अनिकेत चालवत होता. ॲप त्याने लिहिलेलं. माणूस वाईट नाही, पण माझ्या समुद्रावर त्याचा जुना राग. होडीच्या पानावर मी जलरंगात नुसतं पाणी पसरलंय, निळ्यातून हिरव्यात जाणारं. "तुमच्या समुद्रात फोनला धरायला काही नाही," हे तो मला वर्षभर ऐकवत होता. घोडबंदरच्या कोंडीत अडकलो तेव्हा त्याने ते पुन्हा ऐकवलं. मी म्हणाले, "समुद्र असाच असतो." तो म्हणाला, "मग जमिनीची चित्रं काढा." चारोटी नाक्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

डहाणूत शिरलं की हवा बदलते. चिकूच्या वाड्या सुरू होतात आणि वाड्या संपल्या की एकदम समुद्र. दक्षिणेला वीजकेंद्राची उंच चिमणी, उत्तरेकडे सुरूची झाडं आणि मधून नरपडला जाणारा किनाऱ्याचा रस्ता. मागच्या हिवाळ्यात मी इथेच वाळूत बसून होड्या काढल्या होत्या. त्यातलीच एक पुस्तकात आली: निळी, काठाला लाल पट्टा, पुढे पिवळा झेंडा. उरलेली पानं माझी आहेत, पण होडीचं पान माझा जीव आहे. ते गळलं तर पुस्तकात काय उरतं हे मला खरोखर सांगता येणार नाही.

नरपडच्या शाळेत संगीताबाईंनी आमचं स्वागत केलं. या तिथल्या शिक्षिका, आवाज खणखणीत. व्हरांड्यात चटई घातली, चौथी-पाचवीची मुलं गोल करून बसवली आणि म्हणाल्या, "मॅडम बोलणार नाहीत हां, त्यांचं काम तसं आहे." मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा घसाच बसला असावा.

पहिलं विघ्न उन्हाचं. कागद गुळगुळीत, त्यावर ऊन पडलं की कॅमेऱ्याला चित्राऐवजी नुसती चमक दिसायची. मुलांनीच चटई भिंतीकडे सरकवली. दुसरं विघ्न वाऱ्याचं, पान उडायचं. मुलांनी चारी कोपऱ्यांवर हात ठेवले. तिसरं विघ्न त्या हातांचं, कारण हात चित्रावर आले की होडी गायब. अनिकेत कपाळाला हात लावून बसला.

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "ए, ही आमची होडी! लाल पट्टा बघ ना!" ही जिग्ना. पाचवीतली, दोन घट्ट वेण्या, बोलणं सरळ. तिच्या बाबांची होडी मी काढली होती हे मला तेव्हाच कळलं. ती माझ्याकडे वळली. "ही पुस्तकात येणार? छापून?" मी नियमाला जागून गप्प राहिले. मान हलवावी का, यावर सरांनी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तीही हलवली नाही. आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

जिग्नाने मग सगळा कारभार हाती घेतला. फोन एकाच्या हाती, बाकीचे पान धरणार. ज्याच्या हाती फोन त्याने काय दिसतं ते इतरांना सांगायचं. "हालते... जाळा वर येतो... थांब, थांब..." थोड्या वेळाने फोन पुढच्याकडे. कुणी तक्रार नाही, ओढाताण नाही. मी मनात खूश. सगळ्यांची पाळी झाली आणि जिग्नाने फोन माझ्या गुडघ्याशी चटईवर उपडा ठेवला.

"हा होडीचा वाटा," ती म्हणाली आणि सगळी मुलं हात मांडीवर घेऊन शांत बसली. एकदा फोनकडे बघत, एकदा माझ्याकडे.

मी दगडासारखी बसून. चटईवरून माझाच आवाज आला, "बाळांनो, अजून आहात ना?"

"हाय!" मुलं एका सुरात ओरडली आणि हसून लोळली. एक बारका म्हणाला, "मॅडम फोनमधून बोलते, इथं नाय बोलत." मी जीभ चावली. आवाजाने पुन्हा विचारलं, मुलांनी पुन्हा "हाय!" केलं. तिसऱ्यांदाही तेच. पण ॲपला कान नव्हते, डोळा होता आणि फोन उपडा असल्यामुळे तो छपराकडे लागलेला. ॲप मिटलं. अनिकेतने लॅपटॉपवर पाहिलं आणि मान हलवली. रस संपला.

त्याने ॲप पुन्हा सुरू केलं. मुलांनी पुन्हा फेरी केली आणि फेरीच्या शेवटी फोन पुन्हा माझ्या गुडघ्याशी, उपडा. दुपारपर्यंत हेच. मुलं इतकी रमलेली मी कुठल्याच शाळेत पाहिली नव्हती आणि आमच्या तक्त्यात नरपडचं होडीचं पान सगळ्यात तळाला होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तेही नियमात बसत नव्हतं.

रात्रीचा मुक्काम किनाऱ्यालगतच्या एका घरात होता. अंगणात बांबूच्या वलांडीवर (मासे सुकवायचा मांडव) बोंबील लटकत होते. घरमालकीण काकी चुलीशी बसून ओले बोंबील तळत होत्या. तांदळाच्या रव्यात घोळवलेले, वरून खरपूस, आत लोण्यासारखे. ते खाताना माझा दिवसभराचा वैताग थोडा उतरला आणि मी विचारलं, "काकी, होडीचा वाटा म्हणजे काय हो?"

"मासळी आली का वाटे पडतात," काकी म्हणाल्या. "जेवढे खलाशी तेवढे वाटे, नि होडीचा एक वेगळा. होडी नाय तर मासा कुठला येणार? तिला देयाला लागतो."

मला एकदम उलगडा झाला. मुलांनी फोनला होडी मानलं होतं! सगळ्यांना दाखवून दमलेल्या होडीचाही वाटा, म्हणून तिला विश्रांती. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच सरांना सगळं लिहून पाठवलं. अनिकेत म्हणाला, "छान आहे. फोन तापतोही." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

सकाळी निघून चारोटी, कासा करत आम्ही सायवनकडे वळलो. समुद्र मागे राहिला तसा रस्ता टेकड्यांत शिरला. भात कापून झालेली खाचरं, सागाची वाळकी पानं, अधूनमधून ताडाची उंच झाडं. पाडे (वस्त्या) एकमेकांपासून लांब. सायवनच्या एका पाड्यावरच्या शाळेत गुरुजी आमची वाट पाहत उभे होते.

इथे आम्हाला कोंबड्याचं पान तपासायचं होतं. त्या पानाभोवती सरांनी हट्टाने वारली चित्रांची पट्टी घालून घेतली होती. त्रिकोणी माणसं, गोल धरून नाचणारी, एकासारखी दुसरी. "प्रदेशाची ओळख," सर म्हणाले होते. मी म्हणाले होते की ही ओळख आता चहाच्या कपांवरही असते. माझं कुणी ऐकलं नाही. अनिकेतचीही नाराजी होती, पण वेगळ्या कारणाने: एकसारखे आकार आले की कॅमेरा गोंधळतो. एवढ्या एकाच मुद्द्यावर आम्ही दोघं एका बाजूला होतो.

सायवनला नेटवर्क नव्हतं आणि ॲपला सुरू व्हायला नेटवर्क लागत होतं. हे पुण्यात बसून कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अनिकेत फोन घेऊन पाठीमागची टेकडी चढायला लागला. मुलं ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. मी पुस्तकं पिशवीत घालून चेन लावली, कारण शाळेत एक बकरी हिंडत होती आणि तिची नजर कागदावर होती.

बऱ्याच वेळाने अनिकेत उतरला. शर्टाला कुसळं, चेहरा लाल, पण ॲप सुरू. "चालतंय, चालतंय," म्हणत तो फोन समोर धरूनच अंगणात शिरला. समोर शाळेची भिंत. भिंतीवर, अशा सगळ्या शाळांवर असते तशी, वारली नाचाची रंगवलेली रांग.

फोनला वाटलं हेच ते पान. पडद्यावर भिंतीतून कोंबडा बाहेर आला. दरवाज्याएवढा. मान ताणून आरवला आणि माझ्या आवाजात म्हणाला, "सुप्रभात, बाळांनो!"

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. सगळी मुलं ओट्यावरून खाली. कुणी भिंतीला हात लावतंय, कुणी अनिकेतच्या काखेतून पडद्यात बघतंय, कुणी कोंबड्यापुढे जाऊन उभं राहतंय आणि इतर ओरडतायत, "तुला खाल्ला, तुला खाल्ला!" बकरी पळाली. अनिकेत फोन खाली घ्यायला बघायचा, मुलं त्याचा हात वर धरायची. गुरुजी माझ्याजवळ आले आणि काळजीने म्हणाले, "मॅडम, परवा तपासणीला साहेब येणार आहेत. तोवर कोंबडा जाईल ना?"

गुरुजींच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी. काल ओले खाल्ले ते आज सुकून डोंगरात भेटले. अनिकेत जेवता जेवता लॅपटॉप बघत होता आणि त्याचा घास हातातच राहिला. सायवनचे आकडे आजवरच्या सगळ्या शाळांत पहिले होते. पुस्तक पूर्ण वेळ पिशवीत होतं. चेन लावून.

दुपारी उधव्याला पोचलो. हा तलासरी तालुका, गुजरातची हद्द हाकेवर. रस्त्याच्या एका वळणावर फोन गुजरातमध्ये तुमचं स्वागत करतो, पुढच्या वळणावर महाराष्ट्रात. इथली मुलं घरी एक बोलतात, बाजारात दुसरं, शाळेत तिसरं, आणि तिन्हींत न अडखळता भांडतात. त्यांनी आमचं पुस्तक पाहिलं, फोन पाहिला, "सारू (छान) आहे" म्हणाली आणि खेळायला गेली. आकडे मध्यम. मी त्या मुलांची आभारी आहे, त्या दिवशी तेवढं एकच काम सरळ झालं.

रस्त्याकडेला एक बाई उंबाडियू (मडक्यात पाल्यासकट कोंबून, उपडं घालून भाजलेले कंद आणि पापडीच्या शेंगा) विकत होती. मडकं फोडल्यासारखं रिकामं केलं की वाफ, ओव्याचा वास. हिरव्या चटणीबरोबर मी पहिला कंद तोंडात टाकला आणि सरांचा फोन आला.

"सायवन अफलातून!" सर म्हणाले. "कोंबडा कव्हरवर घेऊ. आणि नरपडची होडी गाळू या."

"सर, सायवनला पुस्तक पिशवीत होतं."

"पिशवीत असताना एवढा रस! विचार कर, बाहेर असतं तर?"

मी होडीचा वाटा पुन्हा समजावला. मुलं कंटाळली नव्हती, फोनला मान देत होती, असं सांगितलं.

"गोड आहे," सर म्हणाले. "पण तक्त्यात कुठे लिहू?"

मी भांडले. रस्त्याकडेला उभी राहून, हातात चटणीचा द्रोण धरून, ट्रकवाले बघत असताना भांडले. शेवटी सर म्हणाले, "बरं, उद्या परत जा नरपडला. एवढंच सांग मुलांना, फोन उपडा ठेवू नका. तेवढ्यापुरती बोलायची परवानगी. आकडे वर आले तर होडी राहील."

फोन ठेवला तेव्हा उंबाडियूवाली माझ्याकडे बघत होती. "बेन, नवरा होता?"

"नाही, साहेब."

"एकच ने (सारखंच की)," ती म्हणाली आणि माझ्या द्रोणात आणखी दोन कंद घातले.

परतीच्या रस्त्यावर तलासरीहून महामार्गाला लागलो. महालक्ष्मीचा सुळका संध्याकाळच्या उन्हात तांबडा दिसत होता. मला काहीच बघावंसं वाटत नव्हतं. होडी वाचवायची तर मुलांना सांगायचं की होडीला वाटा देऊ नका. अनिकेत एकदाच बोलला. "त्यांना वाईट वाटेल," म्हणाला. मी म्हणाले, "मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी नरपडच्या व्हरांड्यात तीच चटई, तीच मुलं. मी घसा साफ केला. "हे बघा, आज फोन उपडा ठेवायचा नाही."

"बोलली!" बारका किंचाळला. सगळी मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू भिंतीतून निघालेला कोंबडा मीच होते.

जिग्नाच्या कपाळाला आठी. "मग तुमचा वाटा कसा देऊ?"

"माझा? अगं, तो होडीचा ना?"

"होडीचा म्हणजे होडीवाल्याचा," ती म्हणाली. इतकं साधं मला कळत नाही याचं तिला नवल वाटत होतं. "होडी काय मासे खाते? बाबांना दोन वाटे येतात. एक खलाशी म्हणून, एक होडीचा. हा फोन तुमचा ना? परवा तुमच्याच पुढ्यात ठेवला. तुम्ही हात पण नाय लावला."

"आम्हाला वाटला तुमचा उपास असंल," हर्षाली नावाची दुसरी मुलगी म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही येत होतं. मुलांनी प्रत्येक फेरीला माझं पान वाढलं होतं. फोन उपडा ठेवला होता तो माझा वाटा मीच उचलून बघावा म्हणून. आणि मी ढिम्म बसून वही न काढता, तोंड न उघडता, शहाण्यासारखी त्यांची नोंद करून घेतली होती: रस संपला. संपला होता कुणाचा? हात मांडीवर घेऊन माझी वाट बघणाऱ्या मुलांचा? मला सरांचा राग आला, तक्त्याचा आला, आणि काकींनी अर्धं सांगितलं तेवढ्यावर उड्या मारणाऱ्या माझाही आला.

फेरी सुरू झाली. शेवटी जिग्नाने फोन माझ्यापुढे उपडा ठेवला. मी अनिकेतकडे पाहिलं. निरीक्षकाने भाग घेतला की आकडे बाद, हे दोघांनाही माहीत होतं. तो लॅपटॉपकडे बघत राहिला आणि म्हणाला, "घ्या ना. सांडणारे का त्यातून काही?"

मी फोन उचलला आणि माझ्याच चित्रावर धरला. वर्षभर मी हे पान पडद्यावर पाहिलं होतं ते फक्त चुका शोधायला: रंग बरोबर आला का, कड हलते का. मुलांनी कोपरे धरले.

"काय दिसतो? सांगायला लागतो," जिग्ना म्हणाली.

"होडी डुलतेय."

"ती सगळ्यांना डुलते. अजून?"

"तांडेल (होडीचा म्होरक्या) दोर ओढतोय. झेंडा हलतोय."

"खाली बघा, पाण्यात. हालू नका. लवकर नाय येत."

मी हलले नाही. माझ्या त्या रिकाम्या, फोनला धरायला काही नसलेल्या समुद्रात, होडीच्या खालून, काहीतरी मोठं आणि काळपट सरकू लागलं. हळूहळू, शेपटी वळवत, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे. हे मी काढलेलं नव्हतं.

"मासा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "खूप मोठा मासा."

"घोळ (क्वचितच मिळणारी मोठी, महाग मासळी)!" मुलं ओरडली. "मॅडमच्या वाट्याला घोळ आली!" हर्षालीने टाळ्या पिटल्या. बारका म्हणाला की त्याच्या वाट्याला ती परवापासून एकदाच आली.

मी अनिकेतकडे वळले. तो कानापर्यंत लाल झाला होता. "समुद्र रिकामा होता म्हणून टाकली," तो पुटपुटला. "कधीतरीच येते. बराच वेळ धरून ठेवलं तर." वर्षभर माझ्या समुद्राला नावं ठेवणाऱ्या या माणसाने त्यात एक घोळ सोडली होती आणि मला सांगितलं नव्हतं.

निघताना जिग्ना गाडीपर्यंत आली. "होडी पुस्तकात येणार ना?"

"बघते," मी म्हणाले.

"बघते नको. सांगा."

"येणार," मी म्हणाले. माझ्या हातात काही नसताना शब्द देऊन बसले.

पुण्यात सरांनी बैठक बोलावली. नरपडची दुसरी चाचणी बाद, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. "त्यात रस निरीक्षकाचा होता," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मी होडीवाल्याचा वाटा सांगितला, पुढ्यात ठेवलेल्या फोनचं सांगितलं. लोक हसले, चांगल्या मनाने हसले, आणि पुढच्या विषयाकडे वळले. "एकदा शेवटचं पाहून घेऊ," सर म्हणाले आणि होडीचं पान टेबलाच्या मधोमध ठेवून फोन फिरवला. ज्याच्या त्याच्या हाती तो क्षणभर थांबला, "छान" झालं, पुढे गेला. माझ्या समोरून गेला तेव्हा शेजारच्याने तो माझ्या डोक्यावरूनच पलीकडे दिला. चित्र माझं, मी पाहिलेलंच असणार. शेवटी फोन अनिकेतकडे आला. सरांनी तो घ्यायला हात पुढे केला.

अनिकेत उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि फोन माझ्यापुढे उपडा ठेवला. "हा होडीचा वाटा," म्हणाला आणि जागेवर जाऊन हात मांडीवर घेऊन बसला.

कुणाला काही कळेना. सरांचा हात तसाच पुढे. सगळे एकदा फोनकडे बघत, एकदा माझ्याकडे. त्या शांततेत टेबलावरून माझा आवाज आला, "बाळांनो, अजून आहात ना?"

कुणी हसलं नाही. सरांनी हात मागे घेतला.

"आहे," मी म्हणाले आणि फोन उचलून पानावर धरला.

सर न राहवून म्हणाले, "काय दिसतंय?"

"अजून काही नाही. थांबावं लागतं. कोपरे धरा जरा."

सरांनी एक कोपरा धरला. बाकीच्यांनी उरलेले धरले. त्या दिवशी घोळ यायला फार वेळ लागला, आणि ती आली तेव्हा सर माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत होते.

होडी राहिली. कोंबडाही कव्हरवर राहिला, त्याला इलाज नाही. तक्त्यात वाट बघण्याचा रकाना अजून नाही, आणि तो कसा आखायचा हे मलाही ठाऊक नाही. प्रवासाचा हिशेब मांडायला बसले तर एवढंच हाती लागतं की आपण लोकांना पारखायला जातो आणि ते आपल्याला जेवायला बोलावत असतात. छपाईला जाण्याआधी सरांनी एकच बदल सुचवला: तो "अजून आहात ना" काढून टाकू या, उगीच अंगावर आल्यासारखा वाटतो.

मी नाही म्हणाले. नरपडला त्याला उत्तर देणारी माणसं आहेत.